भिंतीची चकाकी येते कुठून?

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा ठरला की सगळा वाद छटेवर होतो: पिस्ता की फिका पिवळा? रंगारी चकाकीचं विचारतो, तेव्हा मात्र "चांगला असेल तो लावा" म्हणून आपण मोकळे होतो. खरा विचार तिथेच करायला हवा.

रंगात रंगद्रव्याची बारीक पूड असते आणि तिला धरून ठेवणारा, राळेसारखा चिकट बंधक. बंधक भरपूर असला तर वाळल्यावर गुळगुळीत थर बसतो आणि प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो. हा ग्लॉसी. पूड वाढवली की तिचे कण पृष्ठभागावर डोकं काढतात, प्रकाश चहूकडे विखुरतो. हा मॅट.

विखुरलेला प्रकाश पुट्टीचे उंचवटे लपवतो, म्हणून छताला मॅटच. खिडकीतून तिरपं ऊन पडणाऱ्या भिंतीवर ग्लॉसी लावलात, तर पुट्टीच्या पट्टीचा प्रत्येक फटकारा दिसेल. पण मॅटवर तेलकट बोटांचे डाग मुरतात. ते फडक्याने जोरात घासले तर तेवढाच भाग चकाकू लागतो, कारण वर आलेले कण घासून सपाट होतात! मुलांच्या खोलीत आणि जिन्यात या दोन्हींच्या मधला, सॅटिन बरा. दारं-चौकटींना रोज हात लागतो, तिथे ग्लॉसी.

ओल येणाऱ्या भिंतीची मात्र आधी गळती थांबवा. चकचकीत थर आतली वाफ अडवतो आणि पावसाळ्यात त्याला फुगे येतात.