पकड, पाठलाग आणि तिसरी चढाई

भातकापणी उरकली की पेण-रोह्याच्या गावांत शेतं सपाट होतात, पाणी मारून माती दाबली जाते, फक्कीने रेषा आखल्या जातात आणि प्रकाशझोतात कबड्डी रंगते. या खेळाच्या नियमांकडे मागे वळून पाहिलं, तर ते एकाच प्रश्नाभोवती फिरत आलेले दिसतात. हल्ला आणि प्रतिहल्ला एकाच क्षणी भिडले, तर दान कुणाच्या बाजूने पडायचं?

हुतूतूचे, म्हणजे जुन्या कबड्डीचे, तीन प्रकार होते. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही. गामिनीत तो अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक आत येई. टिकली ती संजीवनी, आणि त्यामुळे पकड म्हणजे नुसता बचाव राहिला नाही. एका पकडीत समोरचा चढाईपटू बाद, एक गुण खात्यात आणि बाहेर बसलेला आपला गडी आत.

पण या पकडीची किंमतही तेवढीच जबर. कोपरारक्षकाने घोटा धरला, साखळी कंबरेला भिडली, मध्यरक्षक वर पडला, आणि एवढं होऊनही चढाईपटूचं बोट मध्यरेषेला लागलं, तर झटापटीत सामील झालेले सगळे बाद! मदतीला धावायचं की हात आखडता घ्यायचा, हे बचावपटूला डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवावं लागतं. त्यात झटापट सुरू होताच दोन्ही कडांचं एक-एक मीटर राखीव क्षेत्र खेळात येतं आणि चढाईपटूला निसटायला वाट मिळते. नियम घडवणाऱ्यांची ही नजर मला थोर वाटते.

बोनस रेषा आली ती चढाईच्या बाजूने. समोर किमान सहा गडी असले तरच ती ओलांडल्याचा गुण. पण त्यासाठी पाय खोलवर टाकावा लागतो, आणि घोट्यावर टपलेल्या कोपऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि दोन नियम घराघरांत पोचले. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेली अव्वल पकड दोन गुणांची झाली, आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणणं सक्तीचं झालं. पूर्वी आघाडीवरचा संघ चढाई वैध ठरवणारी निदान रेषा तेवढी ओलांडून परत येत वेळ काढायचा. मागे पडलेले तिघे लोण कधी चढतो, म्हणजे सगळे बाद होऊन अख्खा संघ कधी आत येतो, याची वाट पाहत उभे असायचे. आता तिसऱ्या चढाईला आलेला गडी आणि उरलेले तिघे समोरासमोर येतात, तेव्हा एकाला माघार नाही आणि दुसऱ्यांना दुप्पट मोबदला. कबड्डीत याहून चुरशीचा प्रसंग मला माहीत नाही.

टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या भूमिकानाट्याच्या खेळांनीही हल्ला आणि प्रतिहल्ल्याचा हाच प्रश्न सोडवला. 1974 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वार चुकवणं चिलखताच्या आकड्यावर सोपवलेलं होतं. 1978 च्या ‘रुनक्वेस्ट’ने वार अडवण्यासाठी लढवय्याला स्वतंत्र फासा दिला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाला एका फेरीत एकच प्रतिक्रिया मिळाली. ती पळत्या शत्रूवर खर्च केली की अंगावर येणारा पुढचा घाव त्याच फेरीत अडवता येत नाही. पकडीला धावणाऱ्या मध्यरक्षकाचा पेच तोच.

मला हळहळ वाटते ती पाठलागाची. चढाईपटू परतत असतानाच बचावातला एक गडी दम घेऊन त्याच्या मागोमाग त्याच्याच अंगणात शिरायचा आणि तो सावध होण्याआधी त्याला टिपायचा. कबड्डीतला अस्सल प्रतिहल्ला तोच, आणि आता तो सहसा दिसत नाही. गावोगावच्या कुमार गटाच्या सरावात तो पुन्हा घोटून घ्यायला हवा. मध्यरेषा ओलांडली की सैलावणारे चढाईपटू आजही जवळपास प्रत्येक सामन्यात असतात.