झाकण जाड हवे, पण कुठे?

गेल्या आठवड्यात बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलच्या इंजिनाची शक्ती क्लच आणि पट्ट्यापर्यंत कशी येते ते पाहिले. रचना आपल्या स्कूटरच्या व्हेरिएटरसारखीच, त्यामुळे फार परकी वाटली नसावी. पुढे पट्ट्याने फिरणारा आडवा दांडा यंत्राच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथल्या बंद पेटीत, तेलात चालणाऱ्या साखळीमार्फत, ट्रॅक ओढणारा खालचा दांडा फिरवतो. ही पेटी म्हणजे चेनकेस. मिनेसोटा आणि क्वेबेक हे स्नोमोबाइलचे माहेर. उत्तर अमेरिकेतले हौशी चालक चेनकेसचे कारखान्यातून आलेले ओतीव झाकण काढून त्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेले झाकण बसवतात. अशा झाकणाची शेखी मिरवली जाते ती जाडीची. माझे म्हणणे असे की जाडी हवीच, पण ती दर्शनी पृष्ठावर नव्हे, बोल्ट बसतात त्या कडेवर हवी. झाकणाचे काम चिलखत होण्याचे नाही. तेल आत राखणे आणि गरज पडली की आत हात पोहोचू देणे, एवढेच त्याचे काम.

तेल गळते ते झाकण फुटल्यामुळे क्वचितच. बहुतेकदा दोन बोल्टांच्या मधली कड किंचित उचलली जाते आणि सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंगवरचा दाब तिथे कमी पडतो. यावर सरळ उपाय म्हणजे बोल्ट जवळजवळ घेणे. पण बाहेरून झाकण बनवणाऱ्याच्या हातात तो नसतो, कारण पेटीतली भोके कारखान्याने पाडून ठेवलेली असतात. उरते फक्त जाडी, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे कड दुप्पट जाड केली की ती आठपट ताठ होते. त्याची वजनात पडणारी किंमतही पाहा. ३० बाय १५ सेंटिमीटरचे झाकण सबंध ४ मिलिमीटरने जाड केले तर सुमारे ४८५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम वाढते; तीच भर फक्त दीड सेंटिमीटर रुंदीच्या कडेला दिली तर १३५ ग्रॅमच्या आसपास. शिवाय कडेला उचलणारे बळ मामुली नसते. पेटीतली हवा बाहेर सोडणारा श्वासमार्ग बर्फाने किंवा मळाने बुजला आणि आतली हवा उणे २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब सुमारे चाळीस टक्क्यांनी चढतो. एवढ्या आकाराच्या झाकणावर त्याचे बळ १,८०० न्यूटनच्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ १८० किलोंचे वजन बाहेर रेटत असल्यासारखे. म्हणून चांगल्या झाकणात श्वासमार्गाची जागा उंचावर आणि तेलाच्या शिंतोड्यांपासून आडोशाला असलीच पाहिजे. जाहिरातींत त्याचा उल्लेख अभावानेच सापडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: साखळी तुटली तर? आक्षेप रास्त आहे, कारण तुटलेल्या साखळीने झाकण फोडल्याची उदाहरणे आहेत. पण नेमके काय घडते ते पाहू. खालच्या दांड्यावरचे स्प्रॉकेट ४० दात्यांचे आणि ट्रॅक ओढणारे चाक नेहमीच्या मापाचे धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला साखळी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावत असते. तिचे सुटे टोक आदळले तर ताठ झाकण कदाचित तो मार सोसेल. खरा घात होतो तो साखळी गोळा होऊन दाते आणि भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखी अडकते तेव्हा. मग तिच्यामागे इंजिनाचा जोर आणि धावत्या यंत्राचा सगळा आवेग असतो. तिथे कुठले ना कुठले धातूकाम मोडणारच. दर्शनी पृष्ठ अवाजवी जाड केले तर मोडण्याची पाळी पेटीवर येऊ शकते. झाकण बदलायला मोजके बोल्ट खोलावे लागतात, पेटी बदलायला दोन्ही दांडे. त्यामुळे पृष्ठ माफक पातळ ठेवणे हा शहाणपणाचा सौदा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कडेची जाडी एवढी गुणकारी, तर कारखान्यांनीच ती का दिली नाही? कारण ते झाकण साच्यात दाबाने ओततात, आणि ओतकामाला भिंतींची जाडी सारखी लागते. पातळ पृष्ठाशेजारी जाड कड आली की ती उशिरा थिजते आणि तिच्यात पोकळ्या राहतात. नेमक्या तिथेच, जिथून तेल झिरपायला नको. म्हणून कारखाने फासळ्यांवर भागवतात. ठोकळा कोरणाऱ्याला हे बंधन नसते. हव्या त्या जागी हवी तेवढी जाडी ठेवता येणे ही त्याची एकमेव खरी सवलत, आणि पुष्कळ जण ती आपले बोधचिन्ह कोरण्यात खर्च करतात! अ‍ॅल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम वापरले तर तेवढ्याच ताठपणाला सुमारे पाव वजन वाचते हे खरे. पण ट्रेलरवर लादलेली ही यंत्रे मीठ टाकलेल्या महामार्गांवरून प्रवास करतात, आणि खारट पाण्यात पोलादी बोल्टाशेजारचे मॅग्नेशियम झपाट्याने खंगते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे झाकण आकर्षक दिसते खरे, पण शंभर अंशांच्या फरकाने ३० सेंटिमीटर लांबीत ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त प्रसरण पावते. आत डोकावायला छोटी काच पुरे.

राहिला निचऱ्याचा प्रश्न. अनेक जुन्या यंत्रांत तेल बदलायचे तर झाकणच सैल करावे लागते आणि तेल खालच्या तबकात सांडते. तळाशी चुंबकी बूच द्यावे हे सगळेच सांगतात. पण बुचाचे तोंड सपाट राहिले तर तेल झाकणाच्या अंगावरूनच ओघळते. म्हणून त्याला नळी चढवता येईल एवढा बाहेर आलेला गळा हवा, आणि भरण्याच्या तोंडाशी तेल मोजायच्या दांडीचे माप तेलपातळीनुसार नव्याने आखायला हवे, कारण आतली पोकळी बदलली की जुने माप खोटे ठरते.