लहरीची हरवलेली कला

एक्स-रेमध्ये हाड पांढरंशुभ्र उमटतं, मांस जेमतेम दिसतं. हाड किरण शोषतं, मांस त्यांना सहज जाऊ देतं. मग मेंदूतल्या चेतापेशींचे बारीक धागे एक्स-किरणांनी टिपायचे कसे? त्यांची सावली जवळजवळ पडतच नाही.

पण धाग्यातून जाताना लहर शेजारच्या लहरीच्या तुलनेत किंचित सरकते. लहरीच्या या स्थितीला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘कला’ म्हणतात (चंद्रकलेशी नातं नावापुरतंच). मऊ ऊतींत कलेतला हा फरक शोषणापेक्षा शेकडो पटींनी ठळक असतो. दुर्दैव असं, की डिटेक्टर फक्त तीव्रता मोजतो. कला तिथेच हरवते.

१९४७ साली डेनिस गॅबर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी यावर तोड काढली. वस्तूवरून आलेली आणि मोकळी आलेली अशा दोन लहरी एकमेकींत मिसळू द्यायच्या. जे पट्टे उमटतील, त्यांत कलेचा माग दडलेला असतो. हाच होलोग्राम. त्याबद्दल त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. पण त्यांच्या पद्धतीत खऱ्या प्रतिमेवर तिचं जुळं भूत बसायचं, ते काही उतरेना.

ते उतरवलं गणिताने. पद्धत रविवारच्या शब्दकोड्यासारखी. आधी कलेचा अंदाज मांडायचा. लहर गणितानेच वस्तूपर्यंत मागे न्यायची. तिथे ठाऊक असलेल्या अटी लावायच्या: वस्तू एवढ्याच जागेत आहे, शोषण ऋण असू शकत नाही. मग पुन्हा डिटेक्टरवर यायचं, तिथली तीव्रता मोजलेलीच ठेवायची, कला मात्र सुधारलेली. उभा शब्द आडव्याला खोडतो, आडवा उभ्याला. शेकडो फेऱ्यांनंतर अक्षरं जुळतात.

फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर एक्स-किरण देणाऱ्या यंत्रावर, एकच नमुना चार वेगवेगळ्या अंतरांवरून टिपतात, कारण एका अंतरावर जो तपशील पुसला जातो तो दुसऱ्यावर सापडतो. नमुना फिरवत अशा हजारो प्रतिमा घेतल्या की त्रिमिती चित्र उभं राहतं. फळमाशी आणि उंदराच्या चेतापेशी अशाच, १०० नॅनोमीटरहून बारीक तपशिलात पाहिल्या गेल्या. ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

मला खरा रस आहे तो इथे संशय कसा बाळगतात यात. अंतर किंवा अट चुकीची दिली, तरी संगणक तक्रार न करता देखणं चित्र हातात ठेवू शकतो. म्हणून मोजमापांचे दोन वाटे करतात, दोन्हींपासून वेगवेगळी चित्रं बांधतात आणि ती किती बारकाव्यापर्यंत जुळतात ते तपासतात. त्यापलीकडचा तपशील कितीही रेखीव दिसो, तो धरत नाहीत.