कोरड्या विहिरीवर पुराची बातमी

पोळ्याला आजोळी जाण्याचा आमचा शिरस्ता जुना. वडील दरबारातले गवई आणि मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. आजोळ मात्र सौंसरकडचे, संत्री-कापसाच्या काळ्या मातीतले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरातली बोली मात्र हलली नाही.

२०२३ साली अधिकमासामुळे पोळा लांबला, तो १४ सप्टेंबरला आला. त्याआधीचा ऑगस्ट वाचकांना आठवत असेल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मामेभावाच्या बागेत संत्र्याची पाने द्रोणासारखी वळली होती, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. विहीर नाल्याकाठची. पाणी खाली गेले तशी मोटारही खाली खाली उतरवलेली. दिवसाआड तासभर ती चाले, तेवढ्यावर झाडांचा जीव.

अशात मोबाइलवर हवामान खात्याचा जोरदार पावसाचा इशारा आला. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला की खाते त्याला जोरदार म्हणते, ११५.६ पासून अतिजोरदार. मामेभाऊ आधी हसला, मग गप्प झाला.

"पाण्याची वाट पाहाव, का पाण्याले भ्याव, सांगा दादा!"

प्रश्न थट्टेचा नव्हता. मोटार वर काढावी तर झाडे तहानेली राहणार. ठेवावी आणि नाला विहिरीत शिरला तर मोटार जळणार, आणि नवी घेण्याइतका पैसा त्या वर्षी घरात नव्हता. मामी ओट्यावरूनच म्हणाली, "मोवाड आठव रे बाबा."

मोवाड इथून दूर नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने ते गाव बुडाले. २०४ माणसे गेली. मामीची एक मावसबहीण त्यांत होती. तेव्हापासून ढग दाटले की मामी आकाशाकडे आनंदाने बघत नाही.

दुष्काळात पूर कसा येईल, असे आपल्याला वाटते. पण काळी माती पहिले पाणी भेगांतून पिते, मग फुगते आणि भेगा मिटवून घेते. त्यानंतर पडेल ते वरून वाहते. त्यात सातपुड्याचा उतार. जाम, कन्हान यांसारख्या नद्या चढतात त्या काही तासांत. मी शिष्यांना नेहमी सांगतो, सोळा मात्रा कशातरी भरल्या म्हणजे त्रिताल झाला नाही. प्रत्येक मात्रा आपापल्या जागी पडली पाहिजे. पावसाचेही तसेच. महिन्याचा पाऊस एका रात्रीत पडला, तर हिशेब जुळतो आणि शेत बिघडते.

पोळ्याच्या संध्याकाळी बैलांची पूजा आटोपली आणि आम्ही चौघांनी दोर लावून मोटार वर ओढली. त्या रात्री थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार झाली. जामच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहिले. मामेभावाचे लक्ष आकाशाकडे. "झाडं वाळून राह्यले, अन् मोटार ओसरीवर," तो पुटपुटला. मला अपराध्यासारखे झाले. मोटार काढण्याचा आग्रह माझाच होता.

मामी शांतपणे म्हणाली, "मोटार परत उतरवाले एक तास लागते. माणूस गेलं तर?"

पाऊस त्याच रात्री आला. पहाटे नाला विहिरीच्या काठावरून आत पडत होता आणि मामेभाऊ भिजत उभा होता. रडतो आहे की हसतो आहे, कळेना.

त्यानंतर आठवड्याने, २३ सप्टेंबरला नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी झोपलेल्या घरांत शिरले. बातमी ऐकून मामी काही बोलली नाही. देवापाशी दिवा लावला.

पुढच्या महिन्यात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. विहिरीचे पाणी निवळल्यावर मोटार पुन्हा आत उतरवली. तो दोर मात्र मामीने माळ्यावर टाकू दिला नाही. दाराजवळच्या खुंटीला तो अजून आहे.