प्रस्तरारोहण जिम

प्रस्तरारोहण जिम म्हणजे कृत्रिम भिंतींवर चढण्याचा सराव करण्यासाठी उभारलेले बंदिस्त सभागृह होय. येथील भिंतींवर नैसर्गिक कड्यावरील खोबणी, कपारी आणि उंचवटे यांच्या जागी राळेचे किंवा प्लास्टिकचे रंगीत होल्ड बसवलेले असतात. हवामान, ऋतू आणि डोंगराचे अंतर यांची अडचण नसल्यामुळे शहरातील व्यक्तीला कड्याचा पहिला अनुभव बहुधा अशाच ठिकाणी मिळतो. उघड्या मैदानावरील कृत्रिम भिंतीला जिम म्हणत नाहीत. मात्र तेथे येणाऱ्याचा अनुभव पुष्कळसा असाच असतो.

इतिहास

कृत्रिम भिंतींचा उगम हिवाळ्यातील सरावाच्या गरजेतून झाला. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक असलेल्या डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये एका मार्गिकेच्या विटांच्या भिंतीत दगड बसवून चढाईची भिंत तयार केली. आधुनिक भिंतींची सुरुवात सामान्यतः येथून मानली जाते. अमेरिकेतील सिॲटल येथे १९८७ मध्ये व्हर्टिकल वर्ल्ड हे व्यावसायिक जिम सुरू झाले. पुढे स्पर्धा कड्यांवरून भिंतींवर आल्या आणि या खेळाला 'स्पोर्ट क्लाइंबिंग' हे नाव रूढ झाले. २०१८ च्या आशियाई खेळांत आणि २०२१ मध्ये पार पडलेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला.

भिंतीची रचना

लोखंडी सांगाड्यावर जाड प्लायवूडचे तक्ते ठोकून भिंत तयार होते. तक्त्यांना ठराविक अंतरावर भोके असून त्यांमागे आटे असलेले नट बसवलेले असतात. त्यामुळे होल्ड पान्याने काढून दुसरीकडे लावता येतात. एका रंगाच्या होल्डचा मिळून एक मार्ग होतो. नवखा पाहुणा बहुधा हाताला येईल तो होल्ड धरतो. एकाच रंगाच्या मार्गाने जायचे असते, हे समजल्यावर भिंत त्याला एखाद्या कोड्यासारखी दिसू लागते. हे मार्ग रचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. मार्गरचनाकार ठराविक काळाने जुने मार्ग उतरवून नवे लावतात, म्हणून नियमित येणाऱ्यालाही तीच भिंत दर वेळी नवी वाटते.

काही भिंती उभ्या, काही किंचित मागे कललेल्या, तर काही चढणाऱ्याच्या अंगावर झुकलेल्या असतात. शेवटच्या प्रकाराला ओव्हरहँग म्हणतात. मागे कललेल्या भिंतीवर तोल आणि पावलांची अचूकता लागते. ओव्हरहँगवर शरीराचा भार हातांवर येतो. दोराच्या मार्गांसाठी फ्रेंच श्रेणी प्रचलित असून ती १ पासून ९ पर्यंतच्या आकड्यांना ए, बी, सी ही अक्षरे जोडून लिहितात. बोल्डरिंगसाठी व्ही श्रेणी वापरतात. हे नाव अमेरिकी आरोहक जॉन शर्मन यांच्या 'व्हर्मिन' या टोपणनावावरून आले. श्रेणी हा मार्गरचनाकाराचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. त्यामुळे एका जिममधील सोपा मार्ग दुसऱ्या जिममधील त्याच श्रेणीच्या मार्गापेक्षा अवघड वाटू शकतो.

प्रवेश आणि तयारी

पहिल्या भेटीत पाहुण्याला जोखमीची जाणीव असल्याच्या पत्रावर स्वाक्षरी करावी लागते. अल्पवयीन मुलांसाठी ती पालक करतात. त्यानंतर अंगठ्या, कडी, बांगड्या, घड्याळ आणि गळ्यातील साखळ्या काढून ठेवण्यास सांगितले जाते. ही सूचना अनेकांना औपचारिक वाटते. परंतु होल्डमध्ये अंगठी अडकून शरीर खाली घसरले तर बोटाची त्वचा व रक्तवाहिन्या सोलवटून निघण्याइतकी गंभीर इजा होऊ शकते.

चढाईचे बूट भाड्याने मिळतात. ते पायाच्या मापापेक्षा घट्ट असतात आणि त्यांचा तळ गुळगुळीत, चिकट रबराचा असतो. बोटे किंचित दुमडलेली राहिल्याने चवड्याच्या टोकावर, अगदी रुपयाएवढ्या आधारावरही उभे राहता येते. घाम शोषण्यासाठी हातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात. ही प्रथा जिम्नॅस्टिक्समधून आली असून ती प्रस्तरारोहणात रुजवण्याचे श्रेय अमेरिकी आरोहक जॉन गिल यांना दिले जाते. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळून हाताला राळ लावणाऱ्या महाराष्ट्रातील खेळाडूंना पकड आणि घसरण यांचा हा हिशेब अपरिचित नाही.

बोल्डरिंग

बोल्डरिंगमध्ये दोर नसतो. भिंत साधारण ४ ते ४.५ मीटर उंच असते आणि खाली जाड गाद्या पसरलेल्या असतात. मार्ग सहा-आठ हालचालींत संपतो, पण त्यांतील एकेक हालचाल जमण्यास कित्येक प्रयत्न लागतात. दोन प्रयत्नांमध्ये गादीबाहेर बसून इतरांचे पाहणे हा या प्रकाराचा मोठा भाग आहे. कोणता पाय आधी, कंबर कोणत्या बाजूला वळवायची याची चर्चा अनोळखी लोकांतही सहज सुरू होते.

येथे प्रत्येक पडणे जमिनीपर्यंतचे असते, ही गोष्ट गाद्यांमुळे विसरली जाते. म्हणून आधी पडणेच शिकवतात: दोन्ही पायांवर उतरावे, गुडघे वाकवावेत, पाठीवर लोळण घ्यावी आणि हात मागे टेकू नयेत. हात टेकल्यास मनगट किंवा कोपर दुखावते. दुसऱ्याच्या भिंतीखालून चालत न जाणे हा नियमही याच कारणासाठी असतो.

दोरावरील आरोहण

उंच भिंतीवर आरोहक कमरेला हार्नेस बांधतो आणि त्यात इंग्रजी आठच्या आकाराच्या गाठीने दोर अडकवतो. टॉप रोप पद्धतीत दोर वरच्या आधारातून खाली येतो आणि त्याचे दुसरे टोक जोडीदाराकडे असते. जोडीदार बिले उपकरणातून दोर ओढून घेत राहतो. आरोहकाचा हात सुटला तर तो थोडासाच खाली येऊन लोंबकळतो. दोर सांभाळण्याच्या या कामाला बिले देणे म्हणतात. लीड पद्धतीत आरोहक दोर सोबत नेऊन वाटेतील क्विकड्रॉमध्ये अडकवत जातो. शेवटच्या क्विकड्रॉच्या वर गेल्यावर हात सुटला, तर त्या अंतराच्या दुपटीहून अधिक पडणे होते. हा धक्का सौम्य व्हावा म्हणून दोर ताणला जाणारा असतो.

पहिल्यांदा येणाऱ्याची परीक्षा अनेकदा वर चढताना नव्हे, तर माथ्यावर पोहोचल्यावर होते. खाली उतरण्यासाठी होल्ड सोडून, पाठीमागे रेलून, सर्व भार दोरावर टाकावा लागतो. दोर पुरेसा मजबूत आहे हे ठाऊक असूनही हात सुटत नाहीत. सात-आठ मीटर उंचीवर गुडघे थरथरू लागणे, श्वास रोखला जाणे आणि होल्ड गरजेपेक्षा घट्ट आवळणे ही सर्वसामान्य लक्षणे आहेत. आवळण्याने कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू लवकर थकतात आणि पकड आपोआप सुटू लागते. म्हणजे भीतीच पडण्याचे कारण बनते. त्यामुळे अनुभवी प्रशिक्षक कमी उंचीवर मुद्दाम दोरावर बसवून पाहतात.

वेगवान आरोहण पाहुण्यांच्या वाट्याला क्वचितच येते. त्याची भिंत १५ मीटर उंच, पाच अंश झुकलेली असते आणि होल्डची मांडणी जगभर एकच असते. पॅरिस ऑलिंपिकच्या २०२४ मधील अंतिम शर्यतीत इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दो यांनी ती ४.७५ सेकंदांत पार केली.

शरीरावरील परिणाम

तासाभरात बोटांची त्वचा लाल होते, तळहातांवर फोड येतात आणि अग्रबाहू फुगून पाण्याची बाटली उघडणेही कठीण जाते. नवखे लोक हातांनी स्वतःला ओढतात. नियमित चढणारे पायांनी वर ढकलतात आणि हात शक्यतो सरळ ठेवतात. केवळ दंडाच्या ताकदीवर येणारी व्यक्ती सडपातळ पण लवचीक सोबत्यापेक्षा आधी थकताना दिसते, ती यामुळेच. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते, परंतु बोटांतील स्नायुबंधांना जुळवून घेण्यास बराच अधिक काळ लागतो. या तफावतीमुळे काही महिने उत्साहाने सराव केलेल्यांमध्ये बोटांच्या दुखापती आढळतात. वाढत्या वयातील मुलांना अगदी बारीक होल्डवर लटकण्याचा सराव देऊ नये, असे सांगतात. त्याने बोटांच्या वाढीच्या भागाला इजा होऊ शकते.

सुरक्षितता

दोर किंवा हार्नेस तुटून होणारे अपघात फार दुर्मीळ आहेत. धोका असतो तो अपुरी गाठ, उलटे अडकवलेले उपकरण, बोलण्यात गुंतलेला बिले देणारा यांत. काही जिममध्ये जोडीदाराऐवजी स्वयंचलित बिले यंत्र असते. त्याचा पट्टा हार्नेसला न अडकवताच चढणे ही तेथील सर्वांत घातक चूक होय.

अनुभव अशा चुकीपासून वाचवत नाही. जगातील अग्रगण्य आरोहकांपैकी एक असलेल्या लिन हिल १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे गाठ पूर्ण बांधण्यास विसरल्या. माथ्यावर पोहोचून दोरावर भार टाकताच त्या वीस मीटरांहून अधिक खाली कोसळल्या आणि झाडाच्या फांद्यांमुळे वाचल्या. प्रत्येक चढाईपूर्वी आरोहक व बिले देणारा यांनी एकमेकांची गाठ, बकल आणि कॅरॅबिनर हात लावून तपासण्याची पद्धत अशाच चुका टाळण्यासाठी आहे. जिममध्ये अनोळखी नवख्याने ज्येष्ठ आरोहकाची गाठ तपासणे हा उद्धटपणा समजला जात नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात प्रस्तरारोहणाची परंपरा सह्याद्रीच्या कड्यांवर आणि गिर्यारोहण संस्थांमध्ये वाढली. १९५४ मध्ये स्थापन झालेली मुंबईची गिरिविहार ही त्यांपैकी एक जुनी संस्था. तिच्या पुढाकाराने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. भारतात अशी स्पर्धा भरण्याची ती पहिलीच वेळ होती. पुण्यात शिवाजीनगर येथे राजा शिवछत्रपती कृत्रिम प्रस्तरारोहण भिंत आहे. पावसाळ्यात कडे ओले व शेवाळलेले असतात, त्यामुळे या महिन्यांत बंदिस्त भिंतींना विशेष महत्त्व येते. मात्र किनारपट्टीच्या दमट हवेत होल्डही ओलसर लागतात आणि पूड वारंवार लावावी लागते.

जिममध्ये मिळवलेले कौशल्य कड्यावर जसेच्या तसे लागू पडत नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट थराथरांचा असून त्याचे तुकडे हातात सुटून येतात. रंगाने दाखवलेला मार्ग नसतो, खाली गादी नसते आणि दोराचा आधार आरोहकालाच उभारावा लागतो. बंदिस्त भिंतीवर शिरस्त्राण सहसा घालत नाहीत, कारण वरून दगड पडण्याची शक्यता नसते. लिंगाणा किंवा नागफणीच्या पायथ्याशी ते चढाई सुरू होण्याआधीच डोक्यावर चढवले जाते.