दीड थाऊचं काम

कल्हईवाल्याची हाळी गल्लीबोळांतून कधीच गेली. पण नवसागराचा नाकाला झोंबणारा पांढरा धूर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये अजून उठतो. तिथे कल्हई होते ती इंजिनच्या कनेक्टिंग रॉडला. रॉडला कल्हई करतात हे कानावर आलं आणि खरं वाटेना, म्हणूनच त्या शेडपर्यंत जाणं झालं.

टेबलावर चार रॉड ओळीने मांडलेले होते. गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, सांगलीकडच्या एका कुटुंबाची. फोर्डने आपली भारतीय कंपनी १९२६ साली काढली, तीही कॅनडातल्या फोर्डच्या अखत्यारीत. त्यामुळे उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या फोर्ड गाड्या इथे आल्या. या कुटुंबाची गाडी पन्हाळ्याच्या चढाला खालून ठोके देऊ लागली. गॅरेजच्या भाषेत, रॉड वाजायला लागला.

पिस्टन वर-खाली पळतो, क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडतो तो रॉड. वरच्या टोकाला गजन पिन. खालच्या जाड टोकाचे दोन भाग, रॉड आणि त्याची कॅप, दोन बोल्टांनी क्रँकभोवती आवळलेले. मॉडेल ए चं इंजिन मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर आपली पूर्ण चाळीस हॉर्सपॉवर देतं. म्हणजे प्रत्येक पिस्टन मिनिटाला ४,४०० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. तो प्रत्येक हिसका रॉडच सोसतो.

आजच्या गाड्यांत त्या जाड टोकात बेअरिंगचे तयार शेल बसतात. झिजले की काढायचे, नवे टाकायचे. मॉडेल ए मध्ये शेलच नाही. तिथे व्हाइट मेटल थेट रॉडच्या पोटात ओतलेलं असतं. कथील मुख्य, जोडीला अँटिमनी आणि थोडं तांबं. आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये शोधलेला हा मिश्रधातू. मेटल झिजलं की ते वितळवून काढायचं आणि नव्याने भरायचं.

शेडमधले मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्या तोंडी सतत एकच आकडा होता. क्रँक आणि मेटल यांच्यात तेलाला जागा किती ठेवायची? “दीड थाऊ,” ते म्हणाले. “दोन झालं की वाजणार, एक झालं की धरणार. दीड म्हंजे दीडच.” एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दीड इंच व्यासाच्या क्रँकपिनला दीड थाऊ, असा हा जुना हिशेब. माणसाच्या केसाची जाडीसुद्धा याहून जास्त भरते.

पण मेटलच्या आधी पोलाद तपासायचं असतं. मिस्त्रींनी रॉड रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, मग कोरडे पुसले आणि त्यांच्यावर खडूची पूड चोळली. तीन रॉड पांढरेच राहिले. चौथ्यावर, बोल्टच्या भोकाजवळ, दोन-तीन मिनिटांत एक काळपट रेघ उमटली. पोलादात भेग होती, तिच्यात मुरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं. मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच काम चुंबक आणि लोखंडी भुकटी घेऊन करतात, आणि ती तपासणी जास्त पक्की, हे मिस्त्री स्वतःच सांगतात. त्यांनी तो रॉड उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. “ह्याला वेल्डिंग नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी करू नका.”

आता चौथा रॉड आणायचा कुठून? इथेच जुन्या गाडीच्या मालकाची खरी परीक्षा सुरू होते. महाराष्ट्रात रॉड बनत नाहीत असं मुळीच नाही. पुण्याची भारत फोर्ज जगभरच्या कंपन्यांना क्रँक आणि रॉड पुरवते. पण फोर्जिंगची डाय चार रॉडसाठी कुणी कापत नाही, तिचा खर्च हजारो नगांवर वाटावा लागतो. मग उरतो घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून सीएनसी मशीनवर रॉड कापून घेण्याचा मार्ग. शर्यतीच्या आणि महागड्या जुन्या गाड्यांसाठी इंग्लंड-अमेरिकेत असे रॉड सर्रास बनतात. ईएन २४ सारखं निकल-क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद घ्यायचं, कोपरे गोलावून गुळगुळीत करायचे, वरून छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करायचा. असा रॉड मूळच्या रॉडपेक्षा मजबूत निघू शकतो, हे मान्य करायलाच हवं.

तरीही मिस्त्रींना ते पटत नाही आणि त्यांचं कारण तोलाचं आहे, शब्दशः. एक नवा आणि तीन जुने रॉड घातले तर वजनं जुळत नाहीत आणि इंजिन थरथरतं. म्हणजे करायचे तर चारही नवे. मग तीन चांगल्या रॉडचं काय करायचं? नव्वद वर्षं निभावलेलं फोर्जिंग, ज्याच्या पोलादाचे तंतू रॉडच्या आकाराबरोबर वळलेले आहेत, ते केवळ एका सोबत्यासाठी भंगारात घालायचं? पटण्यासारखी गोष्ट नाही ती.

मॉडेल ए च्या बाबतीत एक सोय आहे. फोर्डने या गाड्या अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात बनवल्या, त्यामुळे अमेरिकेत त्यांचे जुने रॉड आजही मिळतात. तिकडे अदलाबदलीचा रिवाज आहे: जुना रॉड द्या, मेटल भरलेला घेऊन जा. या कुटुंबाचा एक पुतण्या मिशिगनमध्ये असतो. त्याच्याकडून मालकांनी फक्त बिनमेटलचा रॉड मागवला, त्या रॉडला कॅप मात्र त्याचीच हवी होती. रॉड आणि कॅप एकत्र बोअर केलेले असतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली तर भोक गोल राहत नाही. त्याच कारणाने मिस्त्री इंजिन खोलतानाच दोन्हींवर नंबर ठोकतात.

आलेला रॉड त्यांनी आधी रॉकेल-खडूतून काढला. मग दोन्ही टोकांत मँड्रेल घालून वाक आणि पीळ पाहिला, मध्यांतर साडेसात इंच मोजलं आणि रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलून तो बाकीच्या तिघांशी जुळवला. जड बाजूला थोडं घासावं लागलं.

त्यानंतर कल्हई. रॉड तापवला, नवसागर टाकला, धूर उठला आणि कथील पोलादावर चांदीसारखं पसरलं. ही कल्हई धरली नाही तर वरचं मेटल कितीही सुबक ओतलं तरी पुढे सुटणार. मेटल पुरेसं तापलं का, हे मिस्त्री देवदाराची काडी बुडवून ठरवतात. काडी तपकिरी झाली की ठीक, पेटली तर मेटल जास्त तापलं. साचाही गरम, त्यावर ज्योतीची काजळी धरलेली. ओतणं काही सेकंदांचं, पण एका धारेत. हात थांबला तर आत थर पडतो. त्या क्षणी शेडमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

थंड झालेला रॉड तारेला टांगून त्यांनी हातोडीने हलकेच ठोकला. आवाज लांबला. मिस्त्रींनी समाधानाने मान हलवली. पुढे बोअरिंग, निळा रंग लावून स्क्रेपरने घासणं, पितळी शिमचे पापुद्रे कमी-जास्त करणं, नवे बोल्ट आणि शेवटी पुन्हा तोच आकडा, दीड थाऊ.

व्हाइट मेटल काढून शेल बसवून घ्या, असं हल्ली पुष्कळ जण सुचवतात. ज्या इंजिनात रॉडपर्यंत दाबाने तेल जातं आणि फिल्टर असतो, तिथे ते शहाणपणाचं ठरेल. मॉडेल ए मध्ये कॅपखालचा डिपर तेलात बुडून तेल उचलतो आणि फिल्टर नसतोच. अशा इंजिनात तेलातला कचरा मऊ मेटल पोटात घेतं आणि क्रँक वाचतो. झिजायचं कुणी, तर मेटलने, क्रँकने नव्हे.  त्यामुळे निदान या इंजिनापुरता तरी कौल मिस्त्रींच्या बाजूने द्यावा लागतो.

त्यांच्या हाताखाली सध्या एकच मुलगा आहे आणि तो अजून ओतत नाही, कल्हईपर्यंत आलाय.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं: रॉड वाजू लागला की इंजिन लगेच बंद करा, गाडी ओढून न्या, आणि मिस्त्रींना विचारल्याशिवाय जुना रॉड किंवा त्याची कॅप भंगारवाल्याला देऊ नका.