उंचावलेली जीप आणि स्वस्त जोडांचे आयुष्य

पावसाळ्यातील रविवारी पहाटे पुण्याच्या नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एखाद्या गल्लीत, मूळ उंचीपेक्षा वीतभर उंच केलेली जीप उभी दिसते. पानशेत, मुळशीकडील चिखलवाटांवर जाण्याची ती तयारी असते. ही हौस शहरातील असली तरी प्रश्न शहरापुरता मर्यादित नाही. घाटमाथ्यावरील वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर माणसे, धान्य आणि प्रसंगी रुग्णही जीपमधून नेले जातात. ओढा पार व्हावा, खडक पोटाला लागू नये म्हणून गाडी उंच करण्याचा मोह तेथेही होतो. उंची वाढविण्यास खर्च फारसा येत नाही. परंतु त्यानंतर इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारे भाग किती काळ टिकतील, हा विचार बहुधा मागे पडतो.

1941 मध्ये लष्करी उपयोगासाठी सिद्ध झालेली विलीस जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जोडण्यास आरंभ केला. 1952 साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पुढे विकासगटाची जीप हे गावोगावचे परिचित दृश्य झाले. या गाडीच्या दोन आसांमधील अंतर जेमतेम 203 सेंटिमीटर होते. आखूड बांध्यामुळे ती अवघड वळणे सहज घेते. मात्र त्याच कारणाने तिचा मागील शाफ्टही आखूड असतो. उंची वाढविताना नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरते.

कोनाचे गणित

गिअरबॉक्समागील ट्रान्सफर केसमधून निघालेला शाफ्ट तिरपा खाली येऊन मागील डिफरेन्शियलला मिळतो. त्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी जोड असतो. कारागीर त्यास ‘क्रॉस’ म्हणतात. या जोडाचा एक स्वभावधर्म आहे. तो कोनात फिरू लागला की पुढील शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असूनही मागील शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर एका जोडाचा दोष दुसरा भरून काढतो. ते असमान झाले की गाडी थरथरू लागते.

उदाहरणादाखल, शाफ्टची दोन टोके आडव्या रेषेत 60 सेंटिमीटर दूर आहेत आणि मागील टोक 10 सेंटिमीटर खाली आहे, असे धरू. येथे कोन सुमारे साडेनऊ अंशांचा होतो. गाडी आणखी 10 सेंटिमीटर उंच केली की तो साडेअठरा अंशांच्या जवळ जातो. कोन दुप्पट झाला, पण गतीतील चढउतार सुमारे दीड टक्क्यावरून पाच टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ चौपट झाला. शिवाय दोन टोकांमधील अंतर अडीच सेंटिमीटरने वाढते. तेवढा शाफ्ट आपल्या खाचांच्या जोडातून बाहेर ओढला जातो व त्याची पकड कमी होते.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पाटे उंच केल्याने गाडीचे पोट जमिनीपासून वर जाते; डिफरेन्शियल मात्र पूर्वीच्याच उंचीवर राहते. ते केवळ मोठ्या टायरांमुळे वर उचलले जाते, आणि टायर मोठे झाले की तितकीच ओढ मिळविण्यासाठी शाफ्टला अधिक पीळ सोसावा लागतो.

स्वस्त उपाय कोठे फसतो

चांगल्या क्रॉसचे पोलाद वरून कठीण आणि आतून चिवट असते. हलक्या प्रतीच्या भागात ही प्रक्रिया नीट झालेली नसते. कवच मऊ राहिले तर बेअरिंगच्या सुया त्यात चरे पाडतात. गाभाही ठिसूळ झाला तर क्रॉस एका झटक्यात तुटतो. मूळ कोनात असा भाग काही काळ निभावून जातो, वाढलेल्या कोनात तग धरीत नाही. मधे तुकडा जोडून लांब केलेला, पण समतोल न साधलेला शाफ्ट नव्या क्रॉसचेही आयुष्य घटवितो. पाट्यांखाली एकावर एक ठोकळे रचले तर जोर लागताच आस पिळला जातो आणि ऐन चढावर कोन बदलतो.

हातब्रेकचा धोका

हा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नाही. जुन्या विलीस धर्तीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. पुढील चाकांची शक्ती जोडलेली नसताना मागील क्रॉस तुटला, तर इंजिनाचा रोध आणि हातब्रेक दोन्ही एकाच क्षणी निकामी होतात. उतारावर केवळ हातब्रेकच्या भरवशावर उभी केलेली, माणसांनी भरलेली जीप अशा वेळी कशानेही थांबत नाही. म्हणून उतारावर चाकांना दगडाची उटी लावणे हा जुना परिपाठ आजही सोडू नये.

थोड्या खर्चात टिकाऊ काम

उंची शक्यतो पाच सेंटिमीटरच्या आत ठेवावी. आस व पाटा यांमध्ये कोन सुधारणारी पाचर बसवायची झाल्यास ती पोलादी असावी; अॅल्युमिनियमची पाचर तडकू शकते. शाफ्ट योग्य लांबीचा करून यंत्रावर त्याचा समतोल साधून घ्यावा. ओढा पार केल्यावर ग्रीस भरावे आणि क्रॉसच्या चारही टोप्यांतून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत ते भरीत राहावे. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसणे, गाडी निघताना किंवा मागे घेताना ‘टक्’ असा आवाज येणे, ठरावीक वेगाला थरथर जाणवणे ही पूर्वसूचना होय. ती मिळताच क्रॉस बदलावा.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये, नोंदणी पुस्तिकेतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. तेव्हा कामास हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

ग्रामपंचायतीने किंवा संस्थेने वाहनदुरुस्तीची दरपत्रके मागविताना सर्वांत कमी आकड्यावर थांबू नये. तोच क्रॉस वर्षातून किती वेळा बदलावा लागला, दर वेळी मजुरी किती गेली आणि गाडी किती दिवस उभी राहिली, याची नोंद वाहनाच्या वहीत ठेवावी. ती नोंद पुढे ठेवली म्हणजे स्वस्त भाग खरोखर किती स्वस्त पडला, हे सभेतील प्रत्येक सदस्यास आपोआप समजेल.